कोयतीची प्लेट

महापे एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत
आमचं टेबल हवेच्या चार उशांवर तरंगायचं.
दोन टन ग्रॅनाईट. तरीही
ठाणे-बेलापूर रोडवरून कंटेनर गेला
की लेझरची रेघ शहारायची
आणि प्लेट वाया.
म्हणून कामाची वेळ रात्री अडीच. एसी बंद,
चपला आणि फोन बाहेर,
शिंक आलीच तर पॅसेजमध्ये जाऊन द्यायची.

दिवसाचा माल तुमच्या रोज हातात येतो:
औषधाच्या खोक्यावरचा चकचकीत ठिपका,
मार्कशीटचा कोपरा, वीजमीटरचं सील,
बाटलीच्या बुचावरची पट्टी, आणि कार्डावरचा तो चौकोन,
तिरका केला की हिरव्याचा जांभळा होणारा.
त्यात बहुतेकदा वस्तू नसतेच.
संगणकाने मांडलेले ठिपके,
निकेलच्या हौदात वाढवलेला साचा,
गरम रुळाखाली दाबलेली फिल्म.
मिनिटाला साठ मीटर इंद्रधनुष्य, जीएसटी वेगळा.
सोलायला गेलात तर जागीच मरतं,
मागे पोळ्यासारखी जाळी ठेवून.
दुसऱ्याच्या खोक्यावर जाऊन बसत नाही,
एवढीच त्याची खानदानी.

निकेलचा हौद हरेश्वर मढवी सांभाळायचे, घणसोलीचे.
ट्रकवाल्यांच्या संपाच्या तिसऱ्या रात्री,
रस्ता खरोखर मुका झालेला असताना,
त्यांनी पिशवीतून कोयती काढली.
कालवं फोडायची. मूठ झिजलेली, पात्यावर खाडीचा गंज.
"आमचे आयची. हिचा काड."
फोटो का नाही?
"फोटो हाय घरा. चपटा हाय."

मी सांगितलं, जमेल तसं:
फोटो फक्त उजेड किती आला ते लिहून ठेवतो.
ही काच तो कुठून आला, किती वळसा घालून आला,
तेही ठेवते.
एकच किरण काचेतून पुढे जातो,
कोयतीवर आपटून माघारी फिरतो,
आणि जाणारा-येणारा काचेच्या पोटात भेटतात.
जिथे पटतं तिथे उजेड, नाही तिथे काळोख.
केसाचे तीनशे भाग करा, तेवढी एकेक रेघ.
काचेवर उरते ती भेट. कोयती नव्हे.

"आनि मानूस बसवला तं?"
श्वास घेतो ना माणूस. नाडी चालते. सगळं पुसलं जातं.
मढवी हसले.
"मंग आयचा नसता निंगाला.
ती एके जागी कदी बसलीच नाय."

बारा सेकंद. मग बेसिनमधलं पाणी, मग वाट पाहणं.
लाल लेझरने घेतली होती;
सुकताना जिलेटीन आकसलं आणि कोयती
हिरवी उगवली, शेवाळ धरल्यासारखी.
बल्बखाली धरली तेव्हा मढवी वाकले,
मुठीच्या खालून पाहिलं,
तिथली चीरसुद्धा होती.
मग बोट पुढे केलं. काच लागली.
बोट तसंच ठेवलं थोडा वेळ.

सहा वर्षांनी फोन: प्लेट फुटली.
त्यांच्या घरात तेव्हा साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून
चार भाऊ, सात पुतणे आणि एक वकील बसलेले.
जमिनीचा हिशेब असा की
जितके हात वाढतील तितका प्रत्येकाचा घास लहान.
मी टॉर्च घेऊन गेले, एकेक तुकडा उचलून दाखवला.
ह्यात कोयती. ह्यातही. ह्यातही.
पुतण्यांनी तुकडे आपसात बदलून पाहिले,
कुणाला जास्त गेली का म्हणून.
खोटं नको म्हणून हेही सांगितलं:
तुकडा लहान तशी खिडकी लहान.
किलकिल्या दारातून बघावं तसं
डोळा सरकवत जावं लागेल,
आणि मुठीखालची चीर सगळ्यांना दिसणार नाही.
ह्यावर वकील काही बोलला नाही.

नखाएवढा एक कपचा लादीवर राहिला होता.
कुणी मागितला नाही. माझ्याकडे आहे.

आज रक्तदाबाच्या गोळ्यांचं खोकं आणलं.
सवयीने सील तिरकं करून पाहिलं. खरं आहे,
बहुधा आमच्याच रुळाखालचं.
मग तो कपचा काढला, एक डोळा मिटला,
दिव्याखाली सावकाश सरकवत गेले.
आधी पात्याचं टोक,
मग गंज,
मग मूठ.