आवक-जावक

मात्सखेवीच्या नगरपालिकेत मी कारकून.
टेबलावर एक जाड रजिस्टर:
डावीकडे आवक, उजवीकडे जावक.
काचेचा कारखाना बंद पडला त्या वर्षापासून
डावं पान कोरं.
उजव्या पानावर नुसते दाखले,
जन्माचे, लग्नाचे, वर्तणुकीचे,
पोलंडला कामाला जाताना लागतात ते सगळे.
शिक्का मारताना मी नाव वाचायचो नाही.
वाचलं की हात थांबतो.

नोव्हेंबरात एतेरी लोमताद्झे महापौर झाल्या.
आधी त्या शाळेत भूमिती शिकवायच्या;
मलाही शिकवलेली, मला कधीच न आलेली.
पहिल्या दिवशी बँड नाही, भाषण नाही.
रजिस्टर उघडलं आणि विचारलं,
"बाद्री, तक्रारी कुठे आहेत?"
"नाहीत, बाई."
"पाणी दिवसाआड. दिवे फुटलेले.
आणि तक्रार एकही नाही?"
मी म्हटलं, "लोक समजूतदार आहेत."
त्यांनी चष्मा काढून पुसला,
वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की पुसायच्या तसा.

तो हिवाळा खांब मोजण्यात गेला.
चारशे बारा खांब, जळते एकशे सहा.
बाई पुढे, टॉर्च माझ्या हातात,
मागे गावची कुत्री, काहीतरी मिळेल या आशेनं.
राजधानीला सतरा पत्रं गेली.
एकदा फक्त फोन आला:
कारंज्यासाठी पैसे आहेत, रंगीत दिव्यांसकट.
पाइपांसाठी नाहीत.
बाईंनी कारंजं नाकारलं, तर छापून आलं,
महापौरांना सौंदर्यदृष्टी नाही.
"बरोबर आहे," म्हणाल्या, "मला फक्त व्यास दिसतो,"
आणि शंभर मिलिमीटरच्या पाइपाचा भाव विचारत बसल्या.

सगळं काही जमलं नाही.
चार नंबरची बस तीन आठवडे धावली, मग डिझेल संपलं.
नदीकाठचा कचरा उचलला, तो पुलाखाली पुन्हा साठला.
आणि एप्रिलमध्ये बाईंचा मुलगा लेवान
दाखला मागायला आला.
मी खालमानेनं शाईचं पॅड शोधत राहिलो,
समोरच होतं ते.
शिक्का बाईंनीच मारला.
उजवं पान, क्रमांक एकोणनव्वद.
सरळ. रेघेवर.

मे महिन्यात नऊमजली इमारतीची लिफ्ट सुरू झाली.
आमच्याकडे लिफ्टला नाणं टाकावं लागतं;
तिनं शेवटचं नाणं गिळलं त्याला चार वर्षं झालेली.
चार वर्षं आठव्या मजल्यावरचा शाल्वा
खाली उतरला नव्हता.
दोरीला टोपली बांधून पाव वर ओढायचा,
पैसे त्याच टोपलीतून खाली.
त्या दिवशी दार उघडलं.
अंगात कोट, छातीवर कारखान्याचं पदक,
म्हातारा उंबऱ्यावर थबकला,
जमीन अजून आहे का ते काठीनं चाचपत.
आम्हाला वाटलं, आता रडेल.
बाईंनाही वाटलं असावं, त्या जरा बाजूला झाल्या.

त्यानं बाक पाहिला. वाकून फळी पाहिली.
"हिला हा रंग कुठल्या गाढवानं दिला?
आणि तुमची लिफ्ट पाचव्यावर खोकते.
आणि कचऱ्याची गाडी पहाटे पाचला कशाला?
माणसांनी झोपायचं की नाही?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी रजिस्टर आणायला पळालो.
हात सवयीनं उजव्या पानावर गेला,
परत आणला.
आवक, क्रमांक एक.

सोमवारी दारात अकरा माणसं,
एकमेकांवर ओरडत:
गटार, दिवा, शेजाऱ्याची कोंबडी,
पाणी येतं पण पिवळं येतं.
आतून बाईंचा आवाज आला,
"बाद्री, रांगेत घे सगळ्यांना.
आणि त्या पिवळ्या पाण्यावाल्याला आधी."