पेन्सिल

हरलो तीन गुणांनी.
देशात सातव्या असलेल्या संघाकडून,
म्हणजे तसं सन्मानाने,
असं रेडिओवरचा माणूस म्हणाला
आणि डेलबर्टने खटकन रेडिओ बंद केला.
सन्मान म्हणे.
पार्किंगमधून बाहेर पडायला चाळीस मिनिटं,
काचेवर बर्फ,
मागच्या सीटवर मार्व्हा, पिवळा मफलर
अजून गळ्यातून काढायला तयार नाही.

या वेळी गावात उघडं एकच ठिकाण, ट्रकवाल्यांचं.
केचप बाजूला सारला.
मीठ म्हणजे आमचा सेंटर.
मिरपूड त्यांचा, सात फुटी, शिष्यवृत्तीवर आणलेला ताड.
साखरेच्या पुड्या उरलेले आठजण.
डेलबर्टने तीस वर्षं टपाल वाटलं,
कुणी कुठल्या दारात असायला हवं
हे त्याला पाठ.
"हा इथे काय करत होता?" एका पुडीवर बोट रोवून.
"सांगा ना. इथे काय करत होता हा?"
पुडी फाटली. साखर सांडली.
आमचा बचाव साधारण असाच सुटला होता.

मार्व्हा शाळेत बीजगणित शिकवते.
बावीस फ्री थ्रो, आत गेले तेरा.
"यात नशीब कुठून आलं? साधी वजाबाकी आहे.
नऊ हुकले, तीनने हरलो."
माझं म्हणणं टाइमआउटचं.
दोन शिल्लक होते कोचकडे,
घरी नेऊन लोणचं घालणार होता का?
टायरच्या दुकानात मी हेच सांगतो गिऱ्हाइकांना,
हवा कमी वाटली की लगेच थांबा,
पुढच्या वळणापर्यंत बघू म्हणू नका.

वेट्रेस आली. आमचे चेहरे पाहून हळूच विचारलं,
"कोणी गेलंय का?"
कॉफी, आम्ही म्हणालो. चार.

चौदा नंबरच्या पोराचं नाव कोणी घेत नव्हतं.
एकोणीस वर्षांचा. शेवटच्या मिनिटाला दोन्ही हुकवले,
दुसरा तर रिंगवर दोनदा फिरून,
आत डोकावून
बाहेर आला.
हातातोंडाशी आलेला घास, पण तेही कोणी म्हणालं नाही.
त्याची आई आमच्या पुढच्या रांगेत बसते.

व्हर्लिन गप्प.
एकतीस हिवाळे तो प्रत्येक सामना वहीत उतरवतो,
आत गेला तर टिंब, हुकला तर फुली,
बायकोच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा
इस्पितळाच्या जिन्यात रेडिओ कानाला लावून.
शेवटी डेलबर्टने वहीच ओढली.
"आता कळेल, दोन चाळीसला माणूस कोणी सोडला ते."
पान उलटलं.
पुढचं पान उलटलं.
चार मिनिटं उरली असताना सगळं थांबलेलं.
खाली कोरा कागद, निळ्या रेघा.

"पेन्सिल पडली," व्हर्लिन म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने,
"पडली नाही. ठेवली.
नऊने पुढे होतो. वाटलं,
एकदा नुसतं बघावं."

टेबलावर अशी शांतता, की फ्रीजचा घरघराट मोठा झाला.
मग डेलबर्टने मूठ आपटली,
मीठ आडवं, मिरपूड आडवी.
"म्हणजे तुझ्यामुळे! एकतीस वर्षं लिहितोस
आणि आजच, आजच तुला बघायचं होतं?"
आणि काय सांगू, किती बरं वाटलं सगळ्यांना.
मार्व्हा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली,
व्हर्लिननेही मान डोलावली, हो, माझ्यामुळेच,
बिल त्याच्याकडे सरकवलं,
त्याने निमूट भरलं.
चौदा नंबर त्या रात्रीपुरता सुटला.

कोट चढवले. बाहेर उणे अठरा.
गुरुवारी पुन्हा सामना आहे,
क्रमांक नसलेल्या कुणाशी तरी.
दारापाशी वळून पाहिलं
तर मार्व्हा अजून टेबलाशीच,
मिठाची बाटली उभी करून,
दोन बोटं डावीकडे सरकवत.
"इथे," ती बाटलीलाच म्हणत होती,
"इथे असतास तर."