थ्रेड एक

लाखांदूर रस्त्यावरच्या राईस मिलचा धरमकाटा
तीन दिवसांतून एकदा मुका होतो.
मरत नाही. मेला असता तर बरं,
मेलेल्या प्रोग्रामची निदान राख सापडते.
हा नुसता उभा राहतो,
आकडा तसाच : अठरा टन चारशे वीस,
ट्रक धान उतरवून निघून गेला तरी.

"मशीनले भूत लागलं का, मॅडम?"
लेखरामजी कापगते विचारतात
आणि माझ्यापुढे चहा सरकवतात, तिसरा.

चौकीदाराच्या वहीत लाइन गेल्याच्या वेळा होत्या,
निळ्या पेनानं, कुठे कुठे पानाची पिंक.
काटा अडल्याची प्रत्येक वेळ त्या वहीत सापडली.
पण लाइन तर दिवसाला दहादा जाते.
मग उरलेल्या वेळी हा का बरं शहाण्यासारखा वागतो?

डुलीचंदला मेन स्विचपाशी बसवलं.
पाड. चढव. पाड. चढव.
तो मोठ्यानं मोजत होता, मोजता मोजता जांभया देत होता.
एकशे त्रेचाळीसला आकडा गोठला.
"हात नको लावू कशाला," मी ओरडले,
आणि डिबगर जोडला,
झोपलेल्या माणसाची नाडी बघावी तसा.

खालून वर वाचत गेले, बावडीच्या पायऱ्या चढत :
वजन घे.
पावतीपुरती जागा माग.
जागा नाही, मग कोठी झाड.
झाडायच्या आधी दार आतून लाव.
इथवर सगळं रीतसर.
त्याच्या वर : लाइन गेली, यूपीएसची हाक आली,
हातातलं टाक आणि हे कर.
तारीख लिही. वेळ लिही. "वीज गेली" असं लिही.
लिहायला जागा माग.
कोठीच्या दारावर थाप दे.
आत कोणीतरी झाडतंय. थांब.

कडेला प्रत्येक ओळीपुढे एकच नाव.
थ्रेड एक. थ्रेड एक. थ्रेड एक.
आत तोच होता, झाडू अर्ध्यावर टाकून आलेला,
बाहेर तोच,
आतला कधी निघतो याची वाट बघत.

ते "वीज गेली" मीच लिहिलं होतं,
दोन वर्षांपूर्वी, मराठीत उमटतं म्हणून कौतुकानं.

मागच्या शेडमध्ये सगुणाबाई मडावी कोंडा लोटत होती,
दार लावून. वारा आला की ढीग उडतो.
मुकादमानं हाक मारली.
"होऽ" म्हणाली, खराटा चालूच.
त्यानं पुन्हा मारली. पुन्हा "होऽ".
ढीग पोत्यात गेला, मग दार उघडलं.
मी विचारलं, लगेच का नाही गेलात?
"अर्ध्यात सोडून गेलो तं मंग दोनदा झाडा लागते ना व माय.
हाक आयकली, एवढं सांगतलं. बस झालं."

परत आले. हँडलरमधलं सगळं खोडलं :
तारीख, वेळ, माझं लाडकं वाक्य.
ठेवलं फक्त एक शून्य, त्याचा एक करायचा.
होऽ.
बाकीचं, काम आवरल्यावर, मुख्य फेरीनं बघावं.

डुलीचंदनं सहाशेपर्यंत मोजलं आणि घरी गेला.
वहीत मी "गेलं" नाही लिहिलं,
"अजून दिसलं नाही" लिहिलं.
भाताच्या उकड्याचा वास केसांत बसला होता.

"म्हंजे काढूनच टाकलं? लिवलं काईच नाई?"
कापगते हिशेबाचा कागद उलटसुलट करत होते.
"काढाचे बी पैसे लागतेत का जी?"
लागतात, म्हटलं.

तेवढ्यात खरीच लाइन गेली.
काट्यावर ट्रॅक्टर होता, बोंडगावचा.
आकडा हलला, पावती निघाली,
वीज गेल्याची नोंद दोन सेकंद उशिराची.
चालेल.
साकोलीची शेवटची एसटी मात्र
वेळेवर गेली होती.