शेऱ्याचा रकाना

वर्षातून चारदा मी बारादलाच्या गुहेत येते, पाणी मोजायला.
मिश्कोल्त्सच्या कचेरीतून पहाटेची बस,
पिशवीत काचेच्या नळ्या, तापमापक
आणि छापील वही : तारीख, जागा, थेंब, अंश.
शेवटचा रकाना शेरा.
तो मी रिकामाच सोडते.

दाराशी तिहामेर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
माणसं मोजून आत घेतो, मोजून बाहेर काढतो.
उन्हाळ्यात चौपन्न.
वर कुरणं करपलेली, घोडे एकाच सावलीत दाटीवाटीने,
शाळेची पोरं घामाने निथळणारी;
आणि पायऱ्या संपतात तिथे झोंबोर नावाचं एक पोर ओरडतं,
"माझ्या तोंडातून वाफ येतेय!"
मग चौपन्न तोंडांतून वाफ.
दहा अंश, मी लिहिते.

तिहामेर छतावर उजेड टाकतो.
हा काळा रंग दगडाचा नव्हे, म्हणतो.
माझ्या आज्याच्या काळी लोक राळेच्या मशाली घेऊन यायचे,
बघून जायचे, काजळी ठेवून जायचे.
आता थेंब तिच्यावर पांढरं पांघरूण घालतोय.
बोटभर जाडीला किती वर्षं ते विचारू नका,
तेवढी माझी नोकरी नाही.
पोरं हसतात.
हे वाक्य त्याने किती हजार वेळा म्हटलं असेल,
तरी हसू यायच्या आधी तो थांबतो,
जरासा धास्तावून.

पानगळीत ओकची पानं दारापर्यंत येतात,
आत वटवाघळं येतात.
त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं.
त्याने अंगठ्याएवढ्या पेल्यात आलुबुखाराची दारू ओतली
आणि मला आतल्या लोखंडी जाळीपाशी नेलं.
इथे आपला देश संपतो, म्हणाला,
गुहा संपत नाही.
पलीकडे केचो गावात त्याची बहीण दिलेली, एतेल्का.
सरहद्द कडक होती तेव्हा
ती अक्रोडावर सुरीने फुली मारून ओढ्यात सोडायची.
दहा सोडले तर एखादा पोचायचा, कधी दोन महिन्यांनी,
फुगलेला, काळा.
ख्यालीखुशाली कळायची. तेवढंच.
"आणि तुम्ही?"
"पाणी तिकडून इकडे येतं.
त्याला उलट टपाल ठाऊक नाही."

आता जायला कुणी अडवत नाही.
अर्ध्या तासाची वाट.
पण बापाच्या द्राक्षमळ्यावरून दोघांचं बिनसलं,
गेली सहा वर्षं हूं नाही की चूं नाही.

हिवाळ्यात मी एकटी. गुडघाभर बर्फ,
गुहेच्या तोंडातून वाफ निघत होती,
आत कुणी चूल पेटवल्यासारखी.
"एक," तिहामेरने मोजलं.
वटवाघळं पंख लपेटून निजलेली,
आम्ही चोरपावलांनी गेलो, बोललो नाही.
दहा अंश.
बाहेर उणे चौदा होते, ते माझ्या वहीत बसत नाही.

मग आजचा दिवस. बर्फ वितळलं,
ओढा लाकडी पुलाला घासत होता,
दर नळी कडेपर्यंत भरलेली,
मी मोजता मोजता घाईला आले.
तिहामेर खाली वाकला होता, बाही कोपरापर्यंत ओली.
मुठीत एक अक्रोड.
उजेडात फिरवून पाहिला, अंगठ्याने चोळला.
फुली होती का? एक चर होता.
दगडावर आपटूनही पडतो तसा.
"तिकडे काठाने अक्रोडाची झाडं खूप आहेत,"
तो स्वतःलाच म्हणाला,
आणि फळ खिशात घातलं, आतल्या.

दाराशी त्याने मला मोजून बाहेर काढलं.
कुलूप लावलं. परत ओढून पाहिलं.
मग, जन्म या खोऱ्यात गेलेल्या माणसाने
मला, मिश्कोल्त्सवालीला, विचारलं :
"केचोकडे बस किती वाजता असते?"

मला माहीत नव्हतं.
थांब्यावर दोघांनी मिळून वेळापत्रक वाचलं,
त्याचा चष्मा घरी राहिला होता.

परतीच्या बसमध्ये वही उघडली.
दहा अंश.
शेरा : पाणी नेहमीपेक्षा जास्त. एक अक्रोड.