सुई

शिगेकी पहिल्यांदा आला त्या दिवशी मी कात्री लपवली होती.
आधी तेच सांगून टाकते.
काम कोंबू कापायचं
आणि कात्री माझ्या एप्रनच्या खिशात.
तासभर तो नुसता बसला, मग म्हणाला,
"तोशिए काकू, हे हातांनी तुटत नाही."

कोंबू म्हणजे समुद्राच्या तळचं रान,
काळपट, पुरुषभर लांब.
किनाऱ्यावरच्या गोट्यांवर पसरायचं, उलटायचं,
आणि धुकं आलं की अर्ध्या गावाने धावत सुटायचं.
गोळ्यांनी त्याचे हात थरथरतात,
पन्नास ग्रॅमवर सुई ठरत नाही.
म्हणून पुडी तो भरतो, सुई मी बघते.
अकरा वर्षं झाली.

त्याला ऐकू येतं. ते आमचे आवाजराव.
आलेल्याला राव म्हणायला आपलं काय जातं?
"आज आवाजराव कसे आहेत?" पोस्टमनही विचारतो.
"पहाटेपासून तोंड सुरू आहे.
म्हणतात, समुद्राने माझं नाव टाकलंय."
"बरं. सही इथे कर."

एकदा चार दिवस त्याने दार उघडलं नाही.
नर्स मिदोरी उंबऱ्याशी बसली, तिच्यामागे मी,
माझ्यामागे मासळीवाला कोएत्सु, उगाच.
'बाहेर ये' कुणीच म्हटलं नाही.
भाताचे गोळे खाल्ले, हवापाण्याचं बोललो.
पाचव्या दिवशी आतून:
"लोणचं उरलंय का?"

कौतुक सांगत नाहीये.
दोनदा इस्पितळात न्यावं लागलं त्याला.
एकदा माझी वाळलेली अख्खी रास
त्याने परत समुद्राला देऊन टाकली.
मी शिव्या घातल्या.
शुक्रवारच्या बैठकीत त्याने त्या वहीतून वाचून दाखवल्या,
तारखेसकट.

आणि परवाच्या शुक्रवारी
माझ्याच तोंडून निघून गेलं:
नवरा बुडाला त्याला सोळा वर्षं.
पहाटे सव्वातीनला मला त्याच्या होडीचं इंजिन ऐकू येतं.
रोज.

मिदोरीने चहाचा पेला खाली ठेवला.
शिगेकीने पेन्सिलीला टोक काढलं, सावकाश.
"जवळ येतं की लांब जातं?"

सोळा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मीसुद्धा.

"थांबतं," मी म्हणाले. "बंदराच्या तोंडाशी."

त्याने लिहून घेतलं, वाकड्यातिकड्या अक्षरांत.
"यांना काय म्हणायचं आपण?"

खिडकीत धुकं उतरू लागलं होतं,
आणि कोंबू सगळं उघड्यावर.
"नाव मागून," मी उठले,
"आधी ते उचल."
तो माझ्या पुढे धावला.