शुक्रवारचा रकाना

खोक्यावर छापलं आहे : छत्तीस आठवडे,
आठवड्याचे पाच दिवस, रोज एक पाठ.
छापणाऱ्याला काय माहीत,
रक्तपेढीत माझी शुक्रवारची पाळी
सकाळी आठ ते रात्री आठ.

जूनमधल्या एका रात्री, पंखा पाचवर,
केतकी झोपल्यावर
ड्रॉइंग पेपर फरशीवर अंथरला,
पाच रकाने आखले
आणि पाचव्यावर खोडरबर फिरवत बसले.
रेघ गेली. तिचा वळ राहिला.

मग कोंबाकोंबी.
भूगोल सोमवारच्या पाठुंगळी.
इतिहास एक दिवसाआड, आमच्या नळासारखा.
संधी आणि समास एकाच डब्यात,
कालवले गेले तर खाताना कळेलच.
चित्रकला बुधवारी, शुद्धलेखनानंतर, जीव उरला तर.
कार्यानुभवावर फुली मारली.
मूल्यशिक्षणावरही मारली
आणि कुणी पाहिलं का म्हणून दाराकडे बघितलं.

सकाळी केतकी कागदासमोर उभी,
दातात ब्रश, बोटांवर काहीतरी मोजत.
"आई, छत्तीस पाठ उरून राहिले.
चार-चार केले तर पंचेचाळीस आठवडे लागतील.
म्हणजे एप्रिलही गेला."
भागाकाराचा पाठ मंगळवारी होता.
मी तो तिथल्या तिथे खोडला.

जिन्यात ढोमणे काकू अडवतात :
"शाळेत नाही घातली, ते एक जाऊ द्या.
पण आता आठवडाही पुरा नाही, काहून?"
मी हसते. पिशवी या हातातून त्या हातात घेते.
रात्री तोच प्रश्न
माझ्याच आवाजात ऐकू येतो.

शुक्रवारी सातच्या आत आम्ही निघतो.
सुभाषनगर ते चितार ओळी
सतराचा पाढा दोनदा बसतो.
एकोणीसचा झाशी राणी चौकात अडखळतो,
तिथून पुढे ती काचेला नाक लावते
आणि मी तिला लावू देते.
हा अर्धा तास कोणत्या दिवसात धरू?

दिगूमामाचं दुकान म्हणजे एक शटर आणि अर्धा फुटपाथ.
पावसाळाभर पंख्यांच्या मोटारी, तांब्याची तार,
फेब्रुवारी लागला की कूलरच कूलर.
"दुपारी वाचायला बस," सांगून मी निघते.
पुस्तक बॅगेत जातं तसंच परत येतं,
फक्त कव्हरवर
ग्रीसचा एक अंगठा.

कुणी म्हणेल, तिथे ती केवढं शिकते बघ.
शिकत असेल.
पण समास तिला अजून येत नाहीत.
'जलपंप' कोणता समास, विचारलं
तर तो उघडायचा कसा, ते सांगते,
आधी प्लग काढायचा, यावर फार जोर देऊन.

आता मार्च. पाठ एकशे अडतीस.
मध्ये दिवाळी झाली, कांजण्या झाल्या,
दोन सोमवार नुसतेच गेले, कसे ते आठवत नाही.
कागदाच्या कडा वळल्यात,
बुधवारवर वरणाचा डाग.

काल रात्री नऊला घरी आले,
हातांना अजून स्पिरिटचा वास.
केतकी भिंतीकडे तोंड करून झोपलेली.
दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात पाणी पिताना
कागदावर नजर गेली.
खोडलेल्या रेघेच्या वळावरून
तिने नवी रेघ ओढली होती. वाकडी.
आणि आत लिहिलं होतं :

"शुक्रवार. सहा ताट्या भरल्या.
एक ऊलटी लावली. मामा रागावला नाही.
हात खाजून राहिले."

मी लाल पेन उचलला.
'ऊलटी'तला उ ऱ्हस्व.
शुद्धलेखन बुधवारी असतं.

पेनाला टोपण लावलं
आणि खोबरेल कुठे ठेवलंय ते शोधायला लागले.