काचेला ऊन दाखवताना

वडकी फाट्यावर, पंक्चरवाल्याच्या टपरीला लागून
माझे चार पत्रे.
पाटीवर अजून नाव दिवाकरचं आहे,
हात माझे.
गाडीवाले उतरतात, आत डोकावतात:
"कारागीर नाई का, बाई?"
मी सिरिंज उचलते.

उन्हाळ्यात काम जास्त.
गिट्टीचे टिप्पर उघडे धावतात, ना ताडपत्री ना लाज,
आणि मागच्याच्या काचेवर मुगाच्या दाण्याएवढा खडा.
टच्च.
एवढाच आवाज. माणूस शिवी देतो, पुढे जातो.
मग भर दुपारी ढाब्यावर,
बोनटला हात लावू देत नाही अशा वेळी,
कोणी भला माणूस काचेवर गार पाण्याची बादली ओततो
आणि त्या दाण्याला मूळ फुटतं,
थेट आरशापर्यंत.
वीतभर झालं की मी हात जोडते.
वीतभराच्या आत असेल तर बसा, चहा घ्या.

आधी सावली. गाडी कडुनिंबाखाली तासभर.
तापल्या काचेशी बोलू नये, हे दिवाकरचं.
तापल्या माणसाशी बोलायची मी, हे माझं.
मग सुईने भेगेतली धूळ, कपाशीचा एखादा तंतू,
कधी किड्याचा अर्धा पंख.
मग थेंब. घाई केली की बुडबुडा राहतो,
आणि तो मग राहतोच.
पेच आवळायचा, श्वास धरायचा,
काळी भेग भिजत भिजत
काचेच्या रंगाची होते.

आणि मग ऊन.
नागपुरात म्हणे यासाठी निळा दिवा असतो.
माझ्याकडे शेचाळीस अंश,
अख्खा मुलूख ज्याला शिव्या घालतो ते,
माझ्या थेंबाचा दहा मिनिटांत दगड करतं.
बिल नाही, भारनियमन नाही.
ज्यानं तडा लांबवला
त्यालाच बोलावून तो बांधून घेते.

कोणी विचारलं तर सांगते,
टिप्परच्या मागे चिकटू नका.
खडा लागला की तिथंच चिकटपट्टी लावा, घरी जाऊन नाही.
आखाजीला घागर बदलता ना, तसंच वायपरचं रबर बदला.
कोरड्या फडक्यानं काच पुसू नका,
ती धूळ नसते,
बारीक दळलेला रस्ता असतो.
ऐकतात. पुन्हा येतात.

परवा पांढऱ्या मारुतीतून कोवे मास्तर आले.
खड्याचा घाव कुठेच नाही, नुसते ओरखडे,
गोल गोल, एकात एक,
ड्रायव्हरच्या बाजूला, खालच्या अर्ध्यात,
लहान हात पोचेल तेवढ्याच उंचीवर.
"तारेची घासणी," मास्तर म्हणाले.
"पोरानं गाडी धुऊन ठेवली होती. मले दाखवाले."

मी नख फिरवलं. अडकलं.
नख अडकलं की पॉलिशचा नाद सोडायचा.
त्याहून खोल घासली तर काच लाटा धरते,
समोरच्या एका बैलाचे दोन होतात.
सांगितलं तसं.
मास्तर आत बसले. पाच वाजून गेलेले, गाडीचं तोंड मावळतीला.
ओरखड्यांनी ऊन धरलं
आणि सगळी वर्तुळं एकदम पेटली.

"मास्तर, काच बदला. डोळे दिपतात यानं."
किती होतील, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं.
त्यांनी पाकीट काढलं, पुन्हा ठेवलं.
"सांजच्याले मी गाडी काढतच नाई आता."

पोरगा कुठे असतो, मी विचारलं नाही.
रबर बदलून दिलं,
टाकीत साबणाचं पाणी भरलं,
एक ओलं फडकं दिलं हातात.
मास्तर काच पुसू लागले, आणि त्या गोलांपाशी आल्यावर
हात आपोआप हलका झाला.

तेवढ्यात फाट्यावरून टिप्पर गेला, भरलेला, उघडा.
आम्ही दोघंही
काचेसमोर येऊन उभे राहिलो.